लवादाचे घर आणि सरकारचा भरवसा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. परंतु तंटा उभा राहिला म्हणजे शहाण्यालाही चढण्यास दुसरी एखादी पायरी लागते. एके काळी ती गावच्या पंचांची होती. आज व्यापार-उदिमाच्या विस्तृत जगात ती लवादाची आणि मध्यस्थीची असावी, या हेतूने केंद्र सरकारने २०१९ साली कायदा करून दिल्लीत लवाद केंद्र स्थापन केले व त्यास राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. २०२२ च्या दुरुस्तीने त्याचे नाव भारत आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र असे झाले. हेतू स्तुत्य आहे. परंतु नाव भव्य ठेवल्याने विश्वास निर्माण होत नाही.

असे केंद्र हवेच, याविषयी दुमत नाही. १९९६ च्या लवाद कायद्याने झटपट निवाड्याची आशा दाखविली होती. प्रत्यक्षात काय घडले? उभय पक्षांनी आपापले लवाद नेमावयाचे, बैठकीगणिक शुल्क मोजावयाचे, तारखांमागून तारखा घ्यावयाच्या आणि निवाडा हाती आला की तो रद्द करून घेण्यासाठी पुन्हा न्यायालयाचेच दार ठोठवावयाचे! अखेर २०१५ साली बारा महिन्यांची मुदत कायद्यात घालावी लागली. संस्थेच्या छत्राखाली शुल्क ठरलेले असते, नियम ठरलेले असतात आणि विलंबाचा जाब विचारणारा कोणी तरी असतो. न्या. श्रीकृष्ण समितीने २०१७ साली संस्थात्मक लवादाचा आग्रह धरला, तो याच कारणास्तव. आपले उद्योगपती आपले तंटे सिंगापूरच्या केंद्रात नेतात, ते हौसेने नव्हे.

मात्र, सरकारचे स्वतःचे वर्तन या हेतूशी सुसंगत आहे काय? जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने सरकारी खरेदीच्या करारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. लवादाचे कलम सरसकट घालू नये, घातलेच तर ते सामान्यतः दहा कोटी रुपयांहून कमी रकमेच्या तंट्यांपुरते ठेवावे, असा त्यांचा आशय आहे. लवादाचे निवाडे महाग पडतात आणि वेळही वाचत नाही, ही सरकारची तक्रार सर्वस्वी निराधार नव्हे. परंतु एका हाताने लवादाचे घर बांधावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याच्या दाराला कडी घालावयाची, हे कोणत्या नीतीत बसते? यजमानच जेवावयास बसत नसेल, तर पाहुण्याने त्या पंगतीस का बसावे?

दुसरा प्रश्न निःपक्षपातीपणाचा. केंद्राचे अध्यक्ष सरन्यायाधीशांच्या सल्ल्याने नेमले जातात खरे, पण नेमतात ते केंद्र सरकारच. देशातील सर्वात मोठा पक्षकारही सरकारच. अशा वेळी न्याय होणे पुरेसे नाही. तो होत असल्याचे दिसलेही पाहिजे.

राहिली मध्यस्थी. आम्हा गोमंतकीयांना तिचे महत्त्व सांगावयास नको. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून भावाभावांत अबोला, भाटकार-मुंडकारांचे वाद, देवस्थानांतील महाजनांचे हेवेदावे हे आमच्या न्यायालयांचे नित्याचे दृश्य. असल्या तंट्यांत एक जिंकतो, एक हरतो आणि नाते मात्र दोघांचेही तुटते. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात एकशेवीस दिवसांची मुदत आहे. गावपातळीवरील सलोख्याचीही सोय आहे. मात्र त्याची मोजकी कलमेच त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमलात आली. दिल्लीतील केंद्र बड्या कंत्राटदारांसाठी राहील. सामान्यांसाठी प्रत्येक तालुक्यात प्रशिक्षित, निःस्पृह मध्यस्थ हवेत. गाव मानते अशा शिक्षकांनी, निवृत्त अधिकाऱ्यांनी आणि ज्येष्ठ वकिलांनी यासाठी पुढे यावे.

पंचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो, ते पंच कोणाचे मिंधे नसतात म्हणून. सरकारने प्रथम स्वतःचे तंटे या केंद्रापुढे नेऊन निवाडा मुकाट्याने शिरोधार्य मानून दाखवावा. लोकांचा भरवसा मग मागावा लागणार नाही. तो आपोआप चालत येईल.