वेग स्वारांचा, मालकी सावकारांची

30 मे 2021 रोजी इटलीतील मुजेल्लो येथे जागतिक मोटारसायकल शर्यतीपूर्वी एक मिनिट शांतता पाळण्यात आली. आदल्या दिवशी निवडफेरीत कोसळलेला एकोणीस वर्षांचा स्विस स्वार जेसन ड्यूपास्किए त्याच दिवशी रुग्णालयात मरण पावला होता. मिनिट संपले आणि मुख्य शर्यत सुरू झाली. शर्यत व्हायलाच नको होती, असे बाग्नाया आणि पेत्रुची ह्या इटालियन स्वारांनी नंतर उघडपणे बोलून दाखवले. त्यांना विचारतो कोण?

ज्यांना विचारले जाते, त्यांचा इतिहास उद्बोधक आहे. 1949 साली आंतरराष्ट्रीय महासंघाने ही जागतिक स्पर्धा सुरू केली. 1992च्या हंगामापासून तिचे व्यापारी हक्क डोर्ना ह्या स्पॅनिश कंपनीकडे गेले. 1998 मध्ये सीव्हीसी ह्या गुंतवणूक निधीने डोर्नाच विकत घेतली. पुढे त्याच निधीने फॉर्म्युला वनही घेतली, तेव्हा दोन्ही स्पर्धा एका मुठीत राहिल्यास मक्तेदारी होईल म्हणून युरोपीय आयोगाने आडकाठी केली आणि 2006 मध्ये डोर्ना ब्रिजपॉइंटला विकावी लागली. कॅनडातील श्रमिकांच्या निवृत्तिवेतनाचा निधीही नंतर भागीदार झाला; कष्टकऱ्यांच्या म्हातारपणाची पुंजी भांडवल कोठे गुंतवील याचा नेम नाही! आणि 2025 मध्ये? फॉर्म्युला वनच्या मालक अमेरिकन लिबर्टी मीडियाने डोर्नाचा ताबा घेतला. कर्जासह मूल्य 4.2 अब्ज युरो धरण्यात आले. जे 2006 मध्ये मक्तेदारी ठरले, त्याला 2025 मध्ये त्याच आयोगाने बिनशर्त परवानगी दिली.

ह्या अब्जावधींत विकत घेतले तरी काय? मोटारसायकली कारखानदारांच्या, सर्किटे दुसऱ्यांची. विकला गेला तो दाखवण्याचा हक्क: प्रक्षेपणाचे करार, जाहिरातींचे फलक आणि शर्यत भरवू देण्याबद्दल यजमानांकडून, म्हणजे बहुधा सरकारी तिजोरीतून, घेतली जाणारी रक्कम. मालाचे प्रमाण वाढवले की नफा वाढतो. म्हणून 2023 पासून प्रत्येक शनिवारी एक छोटी शर्यत जोडण्यात आली. शर्यती दुप्पट झाल्या, धोकाही वाढला. निर्णय झाल्यावर तो आपल्याला कळवला गेला, अशी अनेक स्वारांची तक्रार होती.

स्वार तर कोट्यधीश, त्यांचे कसले शोषण, असा प्रश्न काही सहकारीही विचारतात. कोट्यधीश आहेत ते शिखरावरचे मोजके. खालच्या वर्गांत संघात जागा मिळवण्यासाठी कित्येक पोरांना स्वतःच जाहिरातदार आणावे लागतात. म्हणजे मजुरी करण्यासाठी मजुरानेच पैसे मोजायचे. शिवाय शिखरावरच्यांनीही एकजुटीशिवाय काही मिळवलेले नाही. 1979 साली बेल्जियममध्ये स्पा येथे नव्या निसरड्या पृष्ठभागावर धावण्यास केनी रॉबर्ट्स आदी प्रमुख स्वारांनी नकार दिला. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र स्पर्धेची घोषणा केली. ती स्पर्धा उभी राहिली नाही, परंतु महासंघाला बक्षिसाच्या रकमा वाढवाव्या लागल्या. आज त्या तोडीची संघटना नाही.

चाकणच्या कामगाराचा ह्या उलाढालीशी संबंध काय? पुण्याची बजाज ऑटो 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएमची भागीदार झाली आणि चाकणला केटीएमच्या गाड्या तयार होतात. 2017 पासून सर्वोच्च वर्गात शर्यती करणाऱ्या ह्या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. गोदामांत न खपलेल्या गाड्यांचे ढीग होते. धनकोंना शेकडा तीसवर समाधान मानावे लागले, बजाजने कोट्यवधी युरो उभे केले. मात्तिगहोफेनच्या कारखान्यातील शेकडो कामगारांचा रोजगार गेला. जे राहिले त्यांचे नोव्हेंबरचे वेतनही कंपनी देऊ शकली नाही, ते दिवाळखोरीसाठीच्या सार्वजनिक निधीतून द्यावे लागले. 2 मार्च 2025 रोजी थायलंडमध्ये नवा हंगाम सुरू झाला, तेव्हा केटीएमच्या चार मोटारसायकली रांगेत उभ्या होत्या.