काटकसरींत तरुणांचा वांटा

आपल्या घरांतून पैपैचा जमाखर्च लिहिणारीं वडील माणसें अद्याप आहेत. परंतु ज्या शहरांत आपण राहतों त्याच्या नगरपरिषदेचें अंदाजपत्रक उघडून पाहण्याची संवय फार थोड्यांस आहे. घरपट्टी वाढली म्हणजे आपण बोलतों, नळास पाणी आलें नाहीं म्हणजे अधिक बोलतों. वाचनालयाची संध्याकाळची वेळ तासानें आखडली, किंवा व्यायामशाळेचा शिक्षक गेला व त्याच्या जागीं दुसरा आला नाहीं, तर तें घरच्या मुलाखेरीज कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. म्हणून रत्नागिरीकर वाचकांपुढें, व त्यांच्या निमित्तानें कोंकणांतील इतर गांवांपुढें, हा रुक्ष वाटणारा विषय आम्ही मांडीत आहों.

प्रथम कायद्याची बाब. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमांत नगरपरिषदेचीं कामें दोन वर्गांत घातलीं आहेत: आवश्यक आणि ऐच्छिक. दिवाबत्ती, झाडलोट, गटारें, पाणी हीं पहिल्या वर्गांतलीं. वाचनालयें, बागा, व्यायामशाळा हीं दुसऱ्या. पैसा कमी पडला कीं कात्री कोठें लागावयाची हें या वर्गवारींतच ठरून गेलेलें असतें. त्यासाठीं कोणा सभासदानें तरुणांचा द्वेष करण्याची गरज नाहीं.

पूर्वीं नगरपरिषदेच्या हातीं जकात होती. नाक्यावर माल आला कीं पैसा रोज तिजोरींत पडे, आणि तो कोठें खर्चावा हें गांवचेच सभासद ठरवीत. जकातीचे दोष अनेक होते. नाक्यावरचा खोळंबा व चिरीमिरी आमच्या वयस्क वाचकांस आठवत असेल, आणि १९९९ सालीं नगरपरिषदांची जकात गेली याचें दुःख फारसें कोणी केलें नाहीं. परंतु तिच्या मोबदल्यांत जें सरकारी अनुदान आलें तें हप्त्याहप्त्यांनीं येतें व बहुतांशीं पगारांतच जिरतें. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या काळासाठीं लहान शहरांस जो निधि ठरविला, त्यांतील शंभरापैकीं साठ रुपये पाणी व स्वच्छता यांस बांधून टाकलेले, आणि उरलेल्या चाळिसांतून पगार द्यावयाची मुभा नाहीं. म्हणजे अभ्यासिकेची इमारत उभी करावयास पैसा मिळूं शकेल, पण तींत रोज दिवा लावून बसणाऱ्या माणसास द्यावयास मिळणार नाहीं. गांवोगांवच्या कुलूपबंद व्यायामशाळांचें रहस्य बहुधा एवढेंच आहे.

त्यांत भर अशी कीं २०२१ च्या अखेरीस रत्नागिरीच्या नगरपरिषदेची मुदत संपली, आणि २०२५ च्या डिसेंबरांत निवडणूक होईपर्यंत सुमारें चार वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. प्रशासक वाईटच असतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु आळींतल्या नगरसेवकास रस्त्यांत गांठून जाब विचारतां येतो, तसें तेथें होत नाहीं. सोळा वर्षांच्या मुलास तर नाहींच नाहीं.

हें दुखणें आपल्याकडचेंच आहे असेंहि नाहीं. इंग्लंडांत १९६० च्या आल्बमार्ल समितीच्या अहवालानंतर गांवोगांवीं तरुणांचीं केंद्रें उभीं राहिलीं होतीं. २०१० नंतरच्या काटकसरींत तेथील स्थानिक संस्थांनीं या खात्यावरचा खर्च दोन तृतीयांशांहून अधिक कमी केला, व शेंकडों केंद्रें बंद पडलीं. कारण तेंच: कायद्यानें बांधलेलें काम शिल्लक राहिलें, न बांधलेलें गेलें.

यावर कांहीं मंडळी म्हणतात, रत्नागिरीस नगरपरिषदेचें तोंड पाहावयाचेंच कशाला? येथील नगर वाचनालय १८२८ सालचें, नगरपालिका १८७६ सालची. वाचनालय तिच्याहून ४८ वर्षांनीं वडील. १९३१ सालीं पतितपावन मंदिर झालें तें भागोजीशेठ कीरांच्या औदार्यानें. १९४५ सालीं महाविद्यालय निघालें तें शिक्षणसंस्थेच्या खटपटीनें. हें सर्व खरें, व अभिमानाचेंहि आहे. परंतु दाता इमारत देतो, तिच्यावर नांवाची पाटी लागते. झाडूवाल्याच्या पगारास देणगी देणारा दाता आम्हीं अजून पाहिला नाहीं. गणेशोत्सवाची वर्गणी जमविणारीं तरुण मंडळें प्रत्येक आळींत आहेत. तीं दहा दिवसांचा खर्च सहज उभा करितात, बारा महिन्यांचा करूं शकत नाहींत. सार्वजनिक ग्रंथालयें तरी १९६७ च्या कायद्याखालीं मिळणाऱ्या शासकीय अनुदानावरच तग धरून आहेत.

आतां हें सारें कोणासाठीं? २००१ ते २०११ या दशकांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजीं सुमारें ८० हजारांनीं घटली, आणि २०११ च्या शिरगणतींत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया निघाल्या. मुलगे मुंबईस गेले याचाच हा हिशेब. स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा पुण्यास जातो तो शिकवणीसाठींच जातो असें नाहीं. रात्रीं दहापर्यंत शांतपणें बसावयास टेबल मिळावें म्हणूनहि जातो, व त्या टेबलाचें महिन्याचें भाडें बाप येथून पाठवितो. ज्यांच्या घरीं माडीवर एक खोली मोकळी आहे त्यांस हें कळणें कठीण. मिरकरवाड्यांत किंवा राजिवड्यांत एका खोलींत सहा माणसें राहतात तेथें जाऊन पाहावें. मुलींची अडचण तर दुहेरी आहे. जागा मिळाली तरी संध्याकाळीं सातनंतर परत येण्याची सोबत नसली, तर आजी तिला पाठवीत नाहीं, आणि आजीचें चुकतें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

फेररचना करावयाचीच असेल तर नवीन बांधकाम आधीं थांबवावें. नगरपरिषदेच्या शाळांच्या खोल्या संध्याकाळीं रिकाम्या असतात. त्यांतील दोन-तीन शाळा निवडून तेथें वाचन, व्यायाम आणि परीक्षांची माहिती या तिन्ही गोष्टी एकत्र आणाव्या. पांच ठिकाणीं अर्धवट चालण्यापेक्षां दोन ठिकाणीं नेमानें चाललेलें बरें. वांचलेल्या पैशांतून प्रत्येक ठिकाणीं एक पगारी माणूस, शक्य तेथें एक बाई, नेमावी. हें काम ठेकेदारास देऊन मासिक शुल्क लावण्याची कल्पना कोणी काढील. तिला आमचा स्पष्ट विरोध आहे, कारण शुल्क भरूं शकणारा मुलगा आधींच पुण्यास गेलेला आहे. नांवनोंदणीची सोय मोबाइलवर झाली म्हणजे काम झालें, अशीहि एक समजूत आहे. १९७२ पासून चालत आलेल्या नेहरू युवा केंद्रांच्या योजनेवर २०२३ सालीं ‘मेरा युवा भारत’ची नवी मांडणी आली, नोंदणी सुलभ झाली हें चांगलेंच, पण पावसाळ्यांत बसावयास छप्पर लागतें तें त्या यंत्रांतून निघत नाहीं.

आपल्या वाचक घराण्यांपैकीं कित्येकांचीं जुनीं घरें आज अर्धीं बंद आहेत. मुलें परदेशीं, पडवी रिकामी. ती पडवी संध्याकाळीं चार तास उघडी ठेवितां आली तर जरूर ठेवावी. मात्र त्यावर विसंबून नगरपरिषदेस मोकळें सोडूं नये. नवें आर्थिक वर्ष १ एप्रिलास सुरू होतें, आणि अंदाजपत्रकाची सभा त्यापूर्वींच होते. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे त्याआधीं जावें, घरांतील मुलामुलींस बरोबर न्यावें, आणि वाचनालयें व व्यायामशाळा यांच्या खालीं गेल्या वर्षीं किती रक्कम धरिली होती व प्रत्यक्षांत किती खर्च झाली, एवढे दोन आंकडे मागावे. तोंडीं न मिळाले तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखालीं दहा रुपयांचा अर्ज करतां येतो.