काळ थांबला की थांबवला?

स्पेनमधल्या आडवाटेच्या मध्ययुगीन गावांवरील प्रवासवर्णनांत एक वाक्य हमखास येते: 'इथे काळ थांबला आहे.' आमचा आक्षेप या वाक्यालाच आहे. एस्त्रेमादुरातील ग्रानादिया घ्या. तटबंदी, पंधराव्या शतकातला किल्ला, ओस गल्ल्या. फ्रांकोच्या राजवटीने १९५५ साली धरणासाठी हे गाव संपादित केले. शेते बुडाली, गाव उंचावर असल्याने कोरडेच राहिले. तरीही १९६४पर्यंत सारे रहिवासी बाहेर पडले. प्रवासी ज्या शांततेवर लुब्ध होतो, ती सरकारी हुकमाने आलेली आहे.

साहित्यही यातून सुटलेले नाही. हुलिओ यामासारेस या लेखकाचे जन्मगाव वेगामिआन पोर्मा धरणाखाली गेले. त्या धरणाच्या बांधकामावरचा अभियंता होता हुआन बेनेत, म्हणजे स्पेनचा एक थोर कादंबरीकार! यामासारेसने पुढे, १९८८ साली, ओसाड आइनिएये गावाची कथा त्याच्या शेवटच्या रहिवाशाच्या तोंडून सांगितली. त्या कादंबरीतले पडके घर रम्य दिसत नाही, कारण तिथे बोलणारा पाहुणा नाही.

आम्हाला भेद दिसतो तो इथेच. एखाद्या गावाला 'अस्पर्श' म्हणण्याआधी ते ओस कोणी पाडले, एवढे तरी लेखकाने विचारावे. न विचारता केलेले वर्णन कितीही सुंदर असो, ते हुकमाची बाजू घेते.