ऑस्कर परत केलं, बरं केलं!

परवा चहाच्या वेळी विषय निघाला भानू अथैयांचा. शेजारचे काका तावातावाने म्हणाले, "मिळालेलं ऑस्कर कोणी परत करतं का? आपल्या कोल्हापूरचा मान तो. नेऊन दिला अमेरिकेला!" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मला तेव्हा काही बोलायचं सुचलं नाही (नेहमीचंच!), म्हणून आता इथे लिहितोय.

काका, हा मान आपण त्यांना कधी दिला होता? १९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलोंसोबत त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या वेळी आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत वेशभूषेला पुरस्कारच नव्हता! तो सुरू झाला १९८४ च्या सिनेमांपासून. पुढे 'लेकिन' आणि 'लगान'साठी तो त्यांना मिळाला. म्हणजे जगाने आधी ओळखलं, आपण मागाहून.

का? कारण आपल्या लेखी हे काम म्हणजे 'कपडे शिवणं'. त्यात काय एवढं, शिंपीही शिवतो!

भानू राजोपाध्ये ही चित्रकार वडिलांची मुलगी, जे. जे. मध्ये शिकलेली. १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. मासिकात फॅशनची चित्रं काढता काढता त्या कपड्यांकडे वळल्या, आणि 'सीआयडी'पासून (१९५६) सिनेमाकडे. 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासली. 'वक्त'मधल्या साधनाचा तंग चुडीदार-कुर्ता बघून गावोगावच्या मुलींनी तसे शिवून घेतले. आणि 'गांधी'... बॅरिस्टरच्या सुटापासून पंच्यापर्यंत! त्या माणसाचं निम्मं राजकारण अंगावरच्या कापडात होतं. ते कापड चुकलं असतं तर सिनेमाच चुकला असता.

आता परत करण्याबद्दल. २०१२ मध्ये त्या आजारी होत्या. आपल्यामागे ही बाहुली नीट राहील का, ही त्यांची काळजी. शांतिनिकेतनातून २००४ मध्ये रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं, त्याचा दाखलाही त्यांनी दिला होता. म्हणून ती त्यांनी अकादमीकडेच सोपवली.

काळजी खोटी होती का? आपल्या पहिल्या बोलपटाची, 'आलम आरा'ची, आज एकही प्रत नाही. पुण्यात २००३ च्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेट रिळं जळून गेली. मुंबईत, सिनेमाच्या माहेरघरात, सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं ते २०१९ मध्ये.

कोणी म्हणेल, कोल्हापुरात द्यायचं होतं, सरकारला द्यायचं होतं. द्यायला हरकत नव्हती हो, पण कशाच्या भरवशावर? वयाच्या ८३ व्या वर्षी एका आजारी बाईला आपल्या घामाचं फळ सात समुद्रांपलीकडे जास्त सुरक्षित वाटलं. यात लाज वाटायची तर ती कोणाला?

१५ ऑक्टोबर २०२० ला त्या गेल्या. तेव्हा जिथे तिथे झळकला तो ऑस्करसोबतचाच फोटो. ती बाहुली सांभाळायला तिकडे माणसं आहेत. आपल्या हातात राहिलं होतं ते शंभराहून जास्त सिनेमांतलं काम. पुढच्या चहाला काकांना एवढंच विचारणार आहे, 'आम्रपाली'चे ते कपडे आज कुठे आहेत हो?

असो.