खापर चरबीच्या माथी

हार्वर्डच्या तीन आहारशास्त्रज्ञांनी १९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन भागांत एक आढावा लिहिला. हृदयविकाराचं खापर त्यांनी चरबी आणि कोलेस्टेरॉलवर फोडलं. साखर सहीसलामत सुटली. या कामासाठी अमेरिकी साखर उद्योगाच्या शुगर रिसर्च फाउंडेशननं सुमारे ६,५०० डॉलर मोजले होते, मसुदाही आधी वाचला होता. लेखात त्याचा उल्लेख नाही. जुन्या पत्रव्यवहारातून हे उजेडात आलं २०१६ साली, आणि तो धुंडाळणाऱ्या क्रिस्टिन कर्न्स मूळच्या दंतवैद्य!

शास्त्रज्ञ विकले गेले, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण चरबीविषयीचं त्यांचं मत आधीपासूनचंच होतं. शिवाय हितसंबंध जाहीर करण्याचा नियम त्या नियतकालिकानं १९८४ साली आणला. उद्योगाला मत विकत घ्यावंच लागतं असं नाही. सोयीच्या मताचा माणूस हेरला तरी भागतं.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या उंदरांची गोष्ट याहून बोलकी. शुगर रिसर्च फाउंडेशनच्याच पैशावर १९६८ साली तिथं प्रयोग सुरू झाला. साखरेचा संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी जोडल्या गेलेल्या एका विकराशी लागण्याची चिन्हं दिसली. संशोधकानं आणखी थोडी मुदत मागितली. १९७० साली पैसाच थांबला. निष्कर्ष छापलेच गेले नाहीत.

हे प्रकार जुन्या काळापुरतेच नाहीत. कोका-कोलाच्या मदतीवर उभं राहिलेलं ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ लठ्ठपणा कमी करण्यासाठी व्यायामावर भर द्यायचं. २०१५ साली बोभाटा झाला, कोलोरॅडो विद्यापीठानं १० लाख डॉलर परत केले आणि हे नेटवर्क गुंडाळलं गेलं.