घाट सांभाळा, गाडी टिकेल

पावसाळी विश्रांतीनंतर नेरळ-माथेरान मिनी ट्रेन पुन्हा धावू लागली याचे स्वागत. पण पाऊस ओसरण्याची वाट पाहणे हेच मध्य रेल्वेचे धोरण असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोन फुटी रूळ आणि वीस फुटांमागे एक फुटापर्यंतचा चढ असलेल्या घाटात भर पावसात गाडी थांबवणे योग्यच. प्रवाशांच्या जिवाशी तडजोड आम्हीही मागणार नाही. मात्र या काळात अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल सेवा उरते आणि नेरळहून येणाऱ्या पर्यटकांचा सारा भार घाटरस्त्यावर पडतो. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या वेशीवर, दस्तुरी नाक्याला, मग मोटारींचीच गर्दी होते.

२०१९ च्या अतिवृष्टीने उखडलेला मार्ग पूर्ववत होण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडला. म्हणून संरक्षक भिंती, मोऱ्या आणि दरडींच्या उतारांवरील कामांचा अहवाल रेल्वेने दरवर्षी मेअखेर जाहीर करावा. तसे न झाल्यास १९०७ पासूनची ही गाडी पुढच्या अतिवृष्टीत कायमची थांबेल आणि त्याचा दोष पावसाला देता येणार नाही.