घासण्याआधी नंबर वाचा

मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि जानेवारीत विमाने सुरू झाली. तेव्हापासून पेडण्यात आणि शेजारच्या बार्देश-डिचोलीत जमिनीचे भाव कुठे पोचले, यावर रोज बोलले जाते. जुने घर विकले की आतल्या सामानाचे काय होते, याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. शिसवी कपाटांना आणि चिनी बशांना जाणते गिऱ्हाईक मिळते. माळ्यावरच्या काळ्या पेटीतला सॅक्सोफोन मात्र एक तर पितळेच्या भावाने किलोवर जातो, नाही तर ‘पणजोबांच्या वेळचा’ म्हणून त्याचे लाखो रुपये सांगितले जातात. हे दोन्ही भाव वाद्य न ओळखताच ठरवलेले असतात.

गोव्यातल्या घरांत हे वाद्य आले कसे, ते वेगळे सांगायला नको. चर्चच्या शाळेत मेस्तांकडून सोल्फा शिकलेली पोरे मुंबईला गेली, धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक निवासांत, राहिली आणि हॉटेलांत, बोटींवर, सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवू लागली. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’ला आल्दोनच्या चिक चॉकलेट यांच्या ट्रम्पेटची साथ होती. ख्रिस पेरी, ब्राझ गोन्साल्विस ही नावे तर सॅक्सोफोनशी जोडलेली. या नामवंतांमागे कितीतरी वाजपी होते. पोटाला चिमटा काढून घेतलेले त्यांचे वाद्य म्हातारपणी गावी परतले आणि पेटीत पडून राहिले.

ते ओळखायचे कसे? आधी नंबर पाहावा. अंगठा अडकवायच्या आकड्याजवळ, नळीच्या मागच्या बाजूला तो बहुधा ठोकलेला असतो. त्याच्या आसपासची अक्षरेही वाचावीत. अमेरिकी वाद्यांवर ‘ए’ म्हणजे आल्टो, ‘टी’ म्हणजे टेनर आणि ‘सी’ म्हणजे १९२० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी खपलेला सी-मेलडी. हा शेवटचा दिसायला देखणा, पण आजच्या वाद्यवृंदात त्याला जागा नाही, म्हणून किंमतही बेताची. नंबराखाली ‘एल’ असेल तर वाद्य आजच्या ४४० कंपनांच्या पट्टीचे. ‘एच’ असेल तर ते जुन्या चढ्या पट्टीचे, आणि कितीही दुरुस्त केले तरी इतर वाद्यांशी ते सुरात लागत नाही. एका अक्षराने किंमत कोसळते ती अशी.

कंपनीचे नाव फसवू शकते. पॅरिसच्या सेल्मरचे ‘मार्क सिक्स’ हे मॉडेल १९५४ ते साधारण १९७४ पर्यंत निघाले. आजही जगभरचे वादक ते शोधतात आणि त्यातही पाच आकडी नंबरांना अधिक मान आहे. चांगल्या अवस्थेतल्या टेनरला अमेरिकेत आठ-दहा हजार डॉलर सहज मिळतात. पण सेल्मरच्याच अमेरिकी शाखेने ‘बंडी’ नावाने शाळकरी मुलांसाठी वाद्ये विकली, त्यांना ही किंमत येत नाही. उलट प्रकारही असतो. कॉन, ब्यूशर, मार्टिन हे अमेरिकी कारखाने दुकानदारांच्या नावाने माल बनवून देत. अशा वाद्यावरचे नाव कोणाच्या ओळखीचे नसते, कारागिरी मात्र मूळ कारखान्याची असते. ती बऱ्याचदा भोकांच्या काठांवरून कळते. जुन्या कॉनचे काठ बाहेर वळवून गोल केलेले असत, तर मार्टिनचे वेगळे करून डाख देऊन बसवलेले. भिंगातून दोन मिनिटे पाहिले तरी हा फरक दिसतो.

मग येते अवस्था. चालत्या वाद्याच्या भावातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, एवढाच हिशेब. आपल्या दमट, खाऱ्या हवेत चामड्याच्या पॅडना बुरशी धरते, पण पॅड बदलता येतात. वाकलेला गळा, तुटून पुन्हा डाख दिलेली जोडणी, पितळेतले जस्त झडून उमटलेले गुलाबी डाग ही दुखणी मोठी. गळ्यावर वेगळा नंबर असेल तर तो मुख्य नळीशी जुळतो का, हेही पाहावे. आणि सर्वांत वाईट म्हणजे आपला स्वच्छतेचा सोस. समईसारखा चिंच-राखेने घासून सॅक्सोफोन लखलखीत केला की मूळ लॅकर किंवा चांदीचा मुलामा जातो, कोरीव नक्षी बोथट होते, नंबर पुसट होतो आणि गिऱ्हाईक निम्म्या भावावर येते. काळवंडलेली चांदी हा दोष नव्हे.

वाजवणारा कोण, यालाही मोल असते. चार्ली पार्करचा ग्राफ्टन आल्टो प्लास्टिकचा होता आणि लंडनमध्ये स्वस्तातले वाद्य म्हणून विकला जाई. १९९४ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात त्याला ९३,५०० पौंड आले. आपल्या आजोबांच्या वाद्याला ही किंमत येणार नाही, हे खरे. तरी पेटीतले हॉटेलचे करारपत्र, बँडचा फोटो, मुंबईच्या दुकानाची पावती वाद्यापासून वेगळी करू नये. ‘आजोबा राज कपूरच्या सिनेमात वाजवायचे’ असे नुसते तोंडी सांगून व्यापारी भाव वाढवत नाही. इंटरनेटवर मागितलेल्या किमतींवरही विसंबू नये, प्रत्यक्ष विक्री कितीला झाली ते पाहावे.

आणखी एक बाब विक्रेते विसरतात. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेली कला-कारागिरीची वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. १९२० च्या दशकातली वाद्ये आता नेमकी या उंबरठ्यावर आहेत. गिऱ्हाईक परदेशी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरातन नसल्याचा दाखला आधीच घ्यावा.

हे सारे एकेका घराने एकट्याने शिकावे, ही अपेक्षा जास्त आहे. कला अकादमीकडे पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, आणि वाद्य दुरुस्त करणारे जुने हातही गोव्यात अजून आहेत. वर्षातून एक दिवस लोकांनी पेट्या घेऊन यावे, जाणकारांनी नंबर वाचून मॉडेल, साल आणि अंदाजे भाव कागदावर लिहून द्यावा, त्याची एक प्रत अकादमीत राहावी, एवढे करायला मोठा निधी लागत नाही. अकादमीने याच वर्षी त्याची सुरुवात पेडणे किंवा म्हापशातून करावी.